जळकोटची फिरती अँटेना

दैवशाला भाकरी थापत होती. सकाळचे सात वाजत आले होते. पहिली भाकरी टोपलीत पडली होती, दुसरी तव्यावर फुगत होती आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवरच्या रेडिओत धाराशिव केंद्रावर कुणीतरी सोयाबीनवरच्या अळीबद्दल सांगत होतं. तिचा नवरा शिवशरण बशीत चहा ओतून ते ऐकत बसला होता. खरं तर या घरात अळीचं कुणाला काय पडलेलं? यांचं सगळं रान म्हणजे गच्चीवरच्या चार कुंड्या.

तेवढ्यात दार वाजलं. एका हाताची थाप नव्हती ती, चार-पाच मुठी एकदम पडल्या आणि आतली कडी थरथरली.

"अप्पा! भाईर ये!"

दैवशालानं पिठाच्या हातानंच कडी काढली. दारात बलभीम उभा होता, मागच्या गल्लीतला. हातात कुऱ्हाडीचा दांडा. त्याच्यामागं पंचवीस-तीस माणसं, कुणाकडं काठी, कुणाकडं सळई. जवळजवळ सगळे ओळखीचे. यातल्या निम्म्यांच्या घरातले टीव्ही शिवशरणनं कधी ना कधी उघडून नीट करून दिले होते.

पंधरा दिवस झाले, भोवतालच्या गावांत आभाळात लाल-हिरवे दिवे दिसत होते. ड्रोन, म्हणे. चोर वरून घरं हेरतात आणि मग येतात, म्हणे. गावोगाव गस्ती सुरू झाल्या. परवाच एका गावात चादरी विकायला आलेल्या परक्या माणसाला खांबाला बांधून मारलं. रस्त्यावर पडलेल्या त्याच्या दातांचा फोटो जळकोटच्या मोबाईलांवरून फिरला आणि बघणारे हळहळण्याऐवजी 'बरं झालं' म्हणाले, तेव्हापासून दैवशाला दिवसाही आतून कडी लावू लागली होती.

"माझ्या हिरीवरची केबल गेली रातच्याला," बलभीम म्हणाला. "सगळी. कापून नेली. आन काल दिवस बुडताना तुझी ती वरची अँटेना माझ्या रानाकडं वळली. म्या डोळ्यानं बघितलं. कशाला वळली?"

"धाराशिव केंद्र त्याच दिशेला हाय, बलभीम. तुझं रान मधी येतंय, त्याला म्या काय करू?"

मागून कुणीतरी हसलं, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

शिवशरणला गावात 'रेडिओअप्पा' म्हणत. स्टँडसमोर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मोबाईल आले आणि दुकान बसलं. आता चोपन्नाव्या वर्षी तो घरांची वायरिंग करायचा, पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरायचा. पण जीव रेडिओतच. पाच वर्षांमागं त्यानं अंगठ्याएवढा एक रिसीव्हर जुन्या कॉम्प्युटरला जोडला, गच्चीवर माशाच्या काट्यासारखी अँटेना उभी केली, तिच्या बुडाला फिरवायची मोटर बसवली आणि ते सगळं इंटरनेटवर खुलं करून टाकलं. जगात कुठूनही कुणीही ते पान उघडावं, जळकोटच्या आभाळातलं एफएम ऐकावं. धाराशिव, सोलापूर, हवेनं साथ दिली तर कलबुर्गीसुद्धा. ऐकणाऱ्याला आवाज खरखरला तर त्यानं तिकडं बसून बटण दाबावं, इकडं गच्चीवर अँटेना वळते. फुकट. नाव नाही, जाहिरात नाही. "यातून मिळतंय काय तुमाला?" असं दैवशालानं एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "पाणपोईवाल्याला काय मिळतंय?"

गच्चीवर जायला पायऱ्या नव्हत्या. परसात एक लाकडी शिडी होती, डगमगणारी. तो वर चढला की दैवशालानं खाली शिडी दोन्ही हातांनी धरायची. वर त्यानं स्क्रू आवळायचा, खाली तिनं रेडिओ ऐकून ओरडायचं, "आलं! गेलं! जरा उजवीकडं!" लग्नानंतर टीव्हीच्या अँटेनासाठी सुरू झालेला हा खेळ आता या अँटेनासाठी चालू होता.

"ती अँटेना फिरवतंय कोण?" बलभीमनं दांडा उंबऱ्यावर आपटला. "तू?"

शिवशरणला खोटं बोलता यायचं नाही, हा त्याचा जुना दोष. "न्हाय. काल म्या न्हाय फिरवली. ऐकणारं माणूस फिरवतंय. भाईरनं."

मागच्या काठ्या पुढं सरकल्या. दैवशालाला कळलं, हे बोलायला नको होतं.

"भाईरनं?"

"आत ये, दाखवतो. नुसता रेडिओ हाय रे. ऐकायचं यंत्र. त्यातनं भाईर काय बी जात न्हाय."

बलभीम आत आला, पाच-सहाजण त्याच्यामागं घुसले. पडद्यावर स्टेशनचे आकडे होते, बाजूला दिशा दाखवणारं गोल चक्र आणि खाली ऐकणाऱ्यांनी दोन शब्द लिहायची जागा. आवाज आता खरखरू लागला होता. आणि त्याच क्षणी गच्चीवरून मोटरची घरघर आली. बाहेरचे लोक ओरडले, "फिरली! फिरली! आपोआप फिरतिया! माझ्या म्होरं फिरली!"

दैवशालाची नजर पडद्याकडं गेली. खाली नवी ओळ उमटली होती. "सलाम अप्पा. तौफिक. आवाज फाटतोय, जरा वळवतो."

तौफिक. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या फरिदाबीचा एकुलता एक. शिवशरणच्या दुकानात तारा डागायची सोल्डर धरायला शिकलेला, सात वर्षं मस्कतला टँकर चालवणारा. बाप गेल्यापासून फरिदाबी एकटीच दोन एकर सोयाबीन बघायची. पोरगं पहाटे तिकडं ड्युटीवर जायच्या आधी धाराशिव केंद्राचा शेतीचा कार्यक्रम ऐकायचं आणि मग आईला फोन करून सांगायचं, काय फवार, कधी फवार. अळीचं कौतुक होतं ते एवढ्यासाठी.

हे नाव या जमावानं वाचलं तर? फरिदाबीचं दार इथून शंभर पावलांवर. आत एकटी बाई.

बलभीम पडद्याकडं वाकू लागला. दैवशालानं दुसरा विचार केला नाही. भिंतीतली कॉम्प्युटरची पिन हिसडून काढली. पडदा काळा झाला, अळी अर्ध्या वाक्यात मेली, वरची मोटर थांबली.

"पुरावा मिटवला बाईनं!" कुणीतरी ओरडलं, आणि मग घरात माणसं मावेनात.

पहिला दांडा शिवशरणच्या खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर. तो चहाच्या बशीवर पडला आणि बशीचे तुकडे त्याच्या गालात गेले. त्याला केसांना धरून अंगणात ओढलं. "नाव सांग! कोण फिरवतंय? नाव सांग!" दर प्रश्नाला एक लाथ. शिवशरण गुडघे पोटाशी घेऊन म्हणत होता, "मला म्हाईत न्हाय." चोपन्न वर्षांत न जमलेलं खोटं त्याला आज जमत होतं.

भावकीतला महांतप्पा शिडी लावून वर चढला. ज्याच्या लेकीच्या लग्नात शिवशरणनं मांडवभर दिवे लावले होते, तोच हा. त्यानं अँटेनाच्या खांबाला मिठी मारून तो हलवला, तारा तुटल्या, आणि सगळं सांगाडा मोडल्यासारखं खाली अंगणात आलं. लोकांनी त्याच्यावर दगड घातले, एकेक कांडी वाकवली. आत कॉम्प्युटर फोडला. कुणी तव्यावरची भाकरी लाथेनं उडवली, ती जळालेली भाकरी दारात येऊन पडली.

"नाव!" बलभीम म्हणाला. त्यानं शिवशरणचा उजवा हात दगडावर ठेवला आणि पायानं दाबून धरला. "याच हातानं करतोस न्हवं हे समदं?"

दैवशालाच्या ओठांवर नाव आलं. अगदी आलं. एक शब्द, आणि नवऱ्याचा हात वाचतो. तिनं शिवशरणकडं बघितलं. रक्तानं एक डोळा मिटला होता, दुसऱ्यानं तो तिच्याकडंच बघत होता. त्यानं मान हलवली, अगदी थोडी.

तिनं नाव गिळलं आणि त्या हातावर अंग टाकलं. दांडा तिच्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी आला, दुखणं मागून. कुणीतरी तिला बाजूला ओढलं, आणि दुसऱ्या घावाला शिवशरणचा हात मनगटात मोडला. तो एकदाच ओरडला. त्या आवाजानं कोपऱ्यातली दोन-तीन माणसं मागं सरली. मग आणखी चार. पोलिसांची गाडी आली तेव्हा अंगणात बलभीम एकटाच उभा होता, दांडा हातात, काय करावं न कळल्यासारखा.

बाराव्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यातून दोघं घरी आली. त्याचा हात प्लास्टरमध्ये, तिचा खांदा पट्ट्यात. केबल तोवर सापडली होती. दुसऱ्या तालुक्यातल्या एका भंगारवाल्याकडं. चोर टेम्पोतून आले होते. आभाळातून कुणी आलं नव्हतं.

संध्याकाळी बलभीम आला, जामिनावर सुटलेला. बरोबर महांतप्पा. दोघं उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत फरिदाबी भाकरी थापत होती, कारण या घरात आता दोघांचे दोन धड हात मिळूनही भाकरी होत नव्हती.

"अप्पा, चुकलो," बलभीम म्हणाला. "डोकं फिरलं व्हतं. काय पायजे ते सांग. आख्खं सामान आणून देतो. तेवढं केसचं…"

"केस म्या केलीया," दैवशाला म्हणाली. "ती माझी हाय. तिचं बोलायचं न्हाय."

"बरं, वयनी." बलभीमनं मान खाली घातली. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "पन अप्पा, एवढा मार खाल्लास. कोण व्हतं रे ते फिरवणारं? आता तरी सांग."

आतला भाकरीचा आवाज थांबला. फरिदाबीचे दोन्ही हात परातीतच राहिले.

शिवशरणनं अंगणाकडं बघितलं. वाकलेल्या कांड्या कुणीतरी गोळा करून भिंतीशी उभ्या केल्या होत्या. शेजारी शिडी होती, तिची एक पायरी तुटलेली.

"ते राहू दे," तो म्हणाला. "हिला आता शिडी धरता यायची न्हाय. सकाळी ये, अँटेना परत उभी करायला मला एका हातानं वर चढायचंय. तू शिडी धर."