पान दोनशे बारा

आधी साळवे अक्कांचं नाव लिहिते. पुढचं लिहिताना हात अडला, तर निदान त्यांचं नाव तरी कागदावर आलेलं असेल.

जालन्याजवळच्या आमच्या खेड्यातून मी बंगळूरला आले तेव्हा इथं माझं कुणी नव्हतं. शाळा आठवीत सुटलेली. यशवंतपूरच्या एका कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायच्या आणि आठजणींनी एका खोलीत झोपायचं. चर्चमधली मराठी उपासना कुठं भरते ते शोधत पहिल्यांदा गेले, त्या रविवारी अक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. गीतांच्या पुस्तकात मला पान सापडेना. त्यांनी काही न बोलता स्वतःचं पुस्तक माझ्या मांडीवर सरकवलं आणि बोटानं ओळ दाखवली. दोन महिन्यांनी माझी पेटी बसवनगुडीत, त्यांच्या दोन खोल्यांत होती.

अक्का निपाणीकडच्या. इंग्रजीच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या, एकट्या. रोज संध्याकाळी तासभर मला इंग्रजी शिकवायच्या. मी आभार मानायला लागले की म्हणायच्या, "सरी, सरी, आधी कालची स्पेलिंगं दाखव." सरी म्हणजे कानडीत बरं. उपासनेला कुणी भेटलं की माझी ओळख करून द्यायच्या — ही सुनंदा, माझी वाचक. आठवीत शाळा सुटलेल्या मुलीला कुणी वाचक म्हटलं तर तिचं काय होतं, माहीत आहे? मी त्या शब्दावर जगत होते. आणि त्याच शब्दापायी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी त्याच्या आजूबाजूनं बोलते — जणू देवाला ठाऊकच नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. एक जाडजूड इंग्रजी कादंबरी तेव्हा शहरभर झाली होती. फुटपाथवर, लायब्ररीत, बसमध्ये लोकांच्या हातात, सगळीकडे तेच लाल कव्हर. खुनाची, पाठलागाची गोष्ट. पण तिच्या पोटात एक दावा होता. येशू वधस्तंभावर मेलाच नाही, त्याला बेशुद्ध उतरवलं, आणि तो पूर्वेकडे निघून गेला, असं सांगणारं एक जुनं पत्र म्हणे कुठल्याशा मठात सापडतं. गोष्टच ती. पण आमच्या मंडळीतली शिकलेली मुलं ते वाचून गप्प गप्प झाली. विनय म्हणून एक होता, पुण्याचा, कोरमंगलात राहायचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्यानं पाळकसाहेबांना सरळ विचारलं की याला आपलं उत्तर काय? पाळकसाहेब म्हणाले, असलं वाचूच नये. विनय दोन रविवार आला नाही.

तेव्हा अक्का म्हणाल्या, मी लिहिते उत्तर. चार पानांचं पत्रक काढू आणि शनिवारच्या सभेत सगळ्यांसमोर वाचू. विनयला निरोप गेला. तो म्हणाला, येतो.

अक्कांचा एक नियम होता. समोरच्याला उत्तर द्यायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यानं मान हलवून म्हणावं, हो, हेच म्हणतोय मी. त्यानंतर आपलं तोंड उघडायचं. पण त्याच आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला पट्टी, आणि डॉक्टरांनी सव्वा महिना वाचायला बंदी केलेली. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तू वाच. रोज जेवढं होईल तेवढं मला मराठीत सांग, आणि कुठल्या पानावर काय ते टिपून ठेव. जमेल ना?"

मी म्हणाले, जमेल.

इथंच सगळं आहे. बाकी नुसता तपशील.

लायब्ररीतून आणलेलं ते पुस्तक मी बसमध्ये उघडायचे. यशवंतपूरपर्यंत एक पान व्हायचं नाही. प्रत्येक ओळीत चार शब्द अडायचे. डिक्शनरी घरी, अक्कांच्या टेबलावर. ती मागितली असती तर त्यांना कळलं असतं. तिसऱ्या प्रकरणात मी थांबले. स्वतःला सांगितलं की हे पुस्तक पापाचं आहे, वाचून आपला विश्वास डळमळेल. किती सोयीची भीती होती ती! खरं सांगू? विश्वासाला काही झालं नव्हतं. मला वाचता येत नव्हतं, आणि मला ते म्हणायचं नव्हतं.

मग मी संध्याकाळी काय सांगायचे? मागच्या कव्हरावरचं सांगितलं. कारखान्यात शैला नावाची होती, तिच्या भावानं पुस्तक वाचलेलं, तिच्या तोंडून ऐकलेलं सांगितलं. ते चार दिवसांत संपलं. अक्का डोळे मिटून पलंगावर बसायच्या आणि म्हणायच्या, "सरी, पुढं." आणि मी पुढं सांगायचे. स्वतःच्या मनानं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात कबरेच्या पहारेकऱ्यांना खोटं बोलायला पैसे देतात, ते मला पाठ होतं. मी ते उचललं आणि उलटं फिरवलं. म्हणाले, अक्का, या पुस्तकात म्हटलंय की कबरेपाशी गेलेल्या बायकांनाच पैसे दिले होते. येशू उठला असं त्या खोटंच बोलल्या.

अक्का ताठ बसल्या. म्हणाल्या, "त्या बायकांना खोटं ठरवलंय? कुठल्या पानावर?"

मी म्हणाले, दोनशे बारा.

का दोनशे बारा? माहीत नाही. तोंडात आला तो आकडा. त्यांनी तो दोनदा म्हटला, लक्षात ठेवायला. मग म्हणाल्या की लेखक हुशार आहे, मत्तय उलटा करून वापरलाय त्यानं. माझ्या खोट्याचं कौतुक त्या लेखकाला गेलं, आणि — हे लिहितानाही लाज वाटते — मला जरासं बरं वाटलं.

पत्रक त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. चारातली दोन पानं त्या बायकांवर होती. त्या काळी बाईची साक्ष कुणी धरत नव्हतं, तरी पहिली साक्ष त्यांचीच, आणि या लेखकानं पान दोनशे बारावर नेमकी तीच विकत घेतलेली दाखवली, असं. इतकं चांगलं त्यांनी कधी लिहिलं नसेल. मी एकेक शब्द सुवाच्य अक्षरात उतरवला.

शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. सायक्लोस्टाईल केलेल्या प्रती वाटल्या. अक्का काळा चष्मा लावून पुढच्या खुर्चीत बसल्या, आणि वाचायला उभी कोण? मीच. त्यांची वाचक.

वाचून झालं. टाळ्या वाजल्या. मग मागून विनय उठला. त्याच्या हातात ते लाल पुस्तक होतं. भांडायला आला नव्हता तो, आवाजावरून कळत होतं.

"आंटी, पान दोनशे बारावर तर ते दोघं विमानतळावर चहा पितायत," तो म्हणाला. "बायकांना पैसे दिल्याचं पुस्तकात कुठंच नाहीये. उलट यात त्या बायकाच तेवढ्या खरं बोलतात. तुम्ही वाचलंय ना हे?"

कुणीतरी हसलं. चहा कसला होता तेही विचार, असं एकजण हळूच म्हणाला. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं.

अक्कांनी मान माझ्याकडे वळवली नाही. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते, हातात कागद. त्या क्षणी मी एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या घशात ते आलंही होतं. तुम्ही म्हणाल, मग? मग काही नाही. मी कागदाच्या कडेकडे बघत राहिले.

अक्का उठल्या. खुर्चीची पाठ धरून म्हणाल्या, "नाही वाचलं. न वाचता लिहिलं. चूक माझी आहे."

एवढंच. डोळ्यांचं कारण नाही. माझं नाव नाही. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याचं म्हणणं आधी नीट ऐकायला शिकवलं, तिनं चाळीस माणसांसमोर ते न करण्याचा दोष घेतला होता. विनय खाली बसला आणि म्हणाला, मला खरंच उत्तर हवं होतं, आंटी. पत्रकं परत गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. लोक दुमडून माझ्या हातात ठेवत होते, न बघता.

रिक्षात अक्का फक्त रिक्षावाल्याशी बोलल्या, स्वल्प सावकाश चालव म्हणून. घरी आल्यावर चष्मा काढून त्यांनी एकच विचारलं. "पुस्तक वाचलंस ना तू, सुनंदा?"

मी म्हणाले, हो.

दुसऱ्यांदा. आणि या वेळी समोर चाळीस माणसं नव्हती.

त्यांनी चष्मा घडी करून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मग त्याच्या प्रतीत पानं वेगळी असतील." आणि भाताला आधण ठेवायला उठल्या. त्यांनी खरं मानलं, की मला पळायला वाट करून दिली? त्या रात्री मला कळलं नाही.

कळलं ते दीड महिन्यानं. नवा चष्मा आला, त्याच दिवशी त्यांनी लायब्ररीतून ते पुस्तक पुन्हा मागवलं. खिडकीपाशी बसून अकरा दिवसांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मग विनयला एक लांब पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते मला माहीत नाही. ते त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. तो पुन्हा उपासनेला आला नाही. मंडळीतही त्यानंतर कुणी अक्कांना काही लिहायला सांगितलं नाही. वाद निघाला आणि त्या बोलायला लागल्या की एखादा विचारायचाच, आंटी, वाचून सांगताय ना? लोक हसायचे. त्याही हसायच्या.

पुस्तक लायब्ररीत परत द्यायला मला पाठवलं. काउंटरवर ठेवताना त्यातून कागदाची एक पट्टी डोकावताना दिसली. मी ते पान उघडलं. दोनशे बारा. पट्टी माझ्या स्पेलिंगच्या वहीतून कापलेली होती. तिच्यावर माझ्याच अक्षरातला अर्धा शब्द. त्यांना माहीत होतं. पुस्तक माझ्याच हातून परत जाणार हेही माहीत होतं. आणि त्या सकाळी त्यांनी मला रोजच्यासारखा डबा भरून दिला होता, वर लिंबाचं लोणचं.

घरी आले. त्या म्हणाल्या, "आज कुठली स्पेलिंगं होती?" आम्ही अभ्यासाला बसलो. पुढं पाच वर्षं आम्ही त्या दोन खोल्यांत राहिलो, आणि मला त्यांनी कधी पानाचा नंबर विचारला नाही. मला वाचक म्हणायचंही त्यांनी सोडलं नाही. प्रत्येक वेळी मी आत कुठंतरी दचकायचे. मीही बोलले नाही. हजारावर संध्याकाळी मिळाल्या होत्या मला, एकही वापरली नाही.

गेल्या वर्षी भाचा त्यांना निपाणीला घेऊन गेला. आता दोन्ही डोळे अधू झालेत, त्या वाचत नाहीत.

ते लाल पुस्तक मी फुटपाथवरून विकत घेतलंय. डिक्शनरी शेजारी उघडी ठेवून रोज वाचते. पान एकशे नव्वदावर आलेय. वाटलं होतं त्यापेक्षा साधी गोष्ट आहे, आणि त्या बायका खरंच खरं बोलतात. ते संपलं की एका शनिवारी त्या हॉलमध्ये मी उभी राहीन आणि चूक कुणाची होती ते सांगेन. मग निपाणीला जाईन, अक्कांच्या पलंगाशी बसेन, आणि पान दोनशे बारा त्यांना मराठीत सांगेन. विमानतळ, दोघंजण, चहा. तिथं जे आहे तेवढंच.