सुनेचे कान : उघडे की बंद?

आमच्या स्वयंपाकघरात किस्से साठतात ते डब्यांच्या झाकणांसारखे. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं ते कळत नाही, आणि टाकून द्यायला मन होत नाही! पनवेलजवळ विचुंब्याला आमचं जेवणाच्या डब्यांचं काम आहे. नव्या बिल्डिंगांतल्या एकट्या राहणाऱ्या पोरापोरींना जेवण जातं. मी, माझी सून सुजाता आणि पोळ्या लाटायला हौसाबाई. आज सांगते ते सगळे किस्से सुजाताच्या कानांचे.

सुजाता सरकारी भरतीच्या परीक्षेला बसलीय. वयाची अट अगदी काठावर आलीय, ही परीक्षा हुकली की संपलं. पण पुस्तक धरायला हात रिकामा कुठे? म्हणून भाजी चिरता चिरता ती मोबाइलवर लेक्चर ऐकते.

*

आधी ती मोबाइल स्पीकरवरच लावायची. सर शिकवायचे तिला, पाठ व्हायचं हौसाबाईला! एकदा दारावर मासळीवाली आली, तर हौसाबाई तिलाच विचारते, "मूलभूत हक्क किती, सांग!"

मासळीवालीनं टोपली उतरवली. "हक्काचं सोड, बाय. कोलंबी ताजी हाय, घेतेस का बोल!"

पण मिक्सर लागला की सरांचा आवाज गडप. ज्या धड्यात मिक्सर, तो धडा सुजाताला यायचाच नाही.

*

माझा मुलगा महेश न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतो. त्यानं मित्राचे इयरबड्स आणले, ट्रायलला. नॉइज कॅन्सलिंग! कानात बूच बसावं तसे बसतात, बाहेरचं जग बंद. सुजाता खूश. तिनं डाळीचा कुकर चढवला, बड्स घातले आणि गॅसकडे पाठ करून कोथिंबीर निवडायला बसली. मी आणि हौसाबाई दळण आणायला गेलेलो. परत येतो तर करपट वास गल्लीपर्यंत! डाळीचा कोळसा झालेला. आणि आमचे हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले.

"अहो, शिट्ट्या ऐकू नाय आल्या तुमाला?"

"आल्या की. सतरा झाल्या. मोजल्या मी!"

"मग उठून गॅस का नाय बंद केला?"

"मला वाटलं, आज काय वेगळी डाळ हाय!"

*

मग महेशनं स्वतःचे दिले. ते ओपन-इअर. कानाला चिमट्यासारखे अडकतात, भोक मोकळं राहतं. लेक्चरही ऐकू येतं आणि कुकरही. "आये, यार्डात मागनं गाडी येतेय ते कळायला नको? आमी सगळे हेच वापरतो," तो म्हणाला.

हौसाबाईनं सुजाताचा कान जवळ ओढून निरखून बघितला. "ह्ये काय गं, प्लास्टिकची बुगडी? नवऱ्याला सांग, सोन्याची घडव!"

त्या दिवसापासून हौसाबाई असली की महेश बाहेरच्या बाहेर जेवून येतो!

*

या उघड्या बड्सवर मी फार खूश होते. सून ऐकणारी असावी, असं कुठल्या सासूला वाटत नाही? पण हिला ऐकू येतं हे कळल्यावर घराला जोरच आला. "सुजाता, चहा!" "सुजाता, माझा टॉवेल!" "सुजाता, बेल वाजतेय!" अर्ध्या तासाचं लेक्चर तीन दिवस चाललं.

एका दुपारी ती गायब. बघते तर माळ्यावर, तांदळाच्या पिंपामागे वही घेऊन बसलेली. मी खालून ओरडले, "सुजाता, साखरेचा डबा कुठं ठेवलास?"

ती शिडी उतरून आली. डबा माझ्या हाताशीच होता. तिनं तो उचलून माझ्या हातात दिला आणि परत वर चढली.

तो चहा काही मला गोड लागला नाही.

*

दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, "चल पनवेलला."

दुकानदारानं दोन खोकी पुढं मांडली. मला अक्षर वाचता येत नाही, पण माणूस वाचता येतो. तो म्हणाला, "आजी, हे ओपन घ्या. घरातल्या बाईला बेस्ट! कोणी हाक मारली तर लगेच कळतं."

"तुमीच घाला बघू."

त्यानं घातले, गाणं लावलं. मी मागं जाऊन हळूच म्हटलं, "गिऱ्हाईक चाललं." गर्रकन वळला!

"आता ते दुसरे घाला."

घातले. मी चांगलं मोठ्यानं म्हटलं, "गिऱ्हाईक चाललं!" हा आपला मान डोलावतोय.

"हेच द्या," मी म्हटलं. तेही त्याला ऐकू गेलं नाही!

सुजाता माझा पदर ओढायला लागली. "आई, अहो, आणि कुकर?"

"कुकरला मी हाय."

*

त्याच संध्याकाळी मी आणि हे जेवायला बसलो. सुजाता आतल्या खोलीत, दार सताड उघडं, कानात नवे बड्स, समोर सराव परीक्षेचा पेपर.

"सुजाता, पाणी!" यांनी हाक मारली.

"सुजाताऽऽ, पाणी!"

तिनं पान उलटलं.

यांनी माझ्याकडं बघितलं. "तिला ऐकू येत नाय का?"

"नाय."

"आन तुला?"

माझे कान तर मोकळेच, कुड्यांशिवाय त्यात काही नाही. मी घास चावत सांगितलं, "मलापण नाय."

आमचं हे घर यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलंय. त्याला आता तीस वर्षं झाली. ते उठले, स्वयंपाकघरात गेले. आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला. मग हाक आली.

"अगं, आपला माठ कुठं असतो?"