काकूंच्या रस्स्याचा रिपोर्ट

सर्जापूर रोडवर आमच्या अपार्टमेंटच्या मागे नागपूरच्या एका काकूंची खानावळ होती. पाच-सहा टेबलं, ज्वारीची भाकरी आणि वर लाल तर्री आलेला झणझणीत रस्सा. मी पुण्याचा, नोकरीसाठी परराज्यात आलेला. पहिल्या दिवशी नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाऊन बसलो. मग रोजचाच झालो. कौतुक मात्र एकदाही केलं नाही. ताट चाटूनपुसून साफ केलं की दाद पोचली, असं आम्ही पुणेकर समजतो.

माझी नोकरी कोरमंगलात. लोक इंटरनेटवर कुठल्या कंपनीबद्दल काय लिहितात ते गोळा करायचं, सॉफ्टवेअरकडून त्यातला राग आणि आनंद वेगळा काढून घ्यायचा आणि कंपनीला सांगायचं, तुमचं काय चुकतंय. चिडलेले लाल, खुशीतले हिरवे. काकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्या खानावळीचं बी पाहून द्या नं. समोर नवीन हॉटेल आलं, भीती वाटते."

मी हौसेने पाहिलं. लाल पट्टा लांबलचक. फार तिखट, फार तेल, पोट बिघडलं. मोबाइलवर तो काकूंना दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "तुम्हाले कसा लागतो जी रस्सा?"

"माझं सोडा हो काकू," मी म्हणालो, "लोक काय म्हणतात ते बघा."

काकूंनी तर्री कमी केली, रस्स्यात काजूची पेस्ट घातली, पनीर आणलं. लिहिणारे खूश झाले. आलेख हिरवा होत गेला, आणि मी तो ऑफिसात मिरवलासुद्धा. इकडे टेबलं रिकामी पडू लागली. घाम पुसत मुकाट जेवणारे आणि हात धुऊन निघून जाणारे रोजचे लोक येईनासे झाले. ते कधी कुठे काही लिहायचेच नाहीत. भरल्या पोटी कोण लिहीत बसतं? ऑफिसात आम्ही अशा गप्प गिऱ्हाइकांना मुद्दाम फोन करून विचारायचो. इथे तर ती माणसं रोज माझ्या शेजारच्या टेबलावर होती. त्यांना विचारायचं सुचलंच नाही, याची अजून हळहळ वाटते.

खानावळ बंद झाली त्या दिवशी गेलो. काकू भांडी पोत्यात भरत होत्या. मी म्हणालो, "काकू, तुमच्या आधीच्या रस्स्यासारखा रस्सा मी कुठेच खाल्ला नाही."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे मी विचारलं तेव्हा सांगाचं होतं नं, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि मोठं पातेलं उचलायला मला दुसरी बाजू धरायला सांगितली.