डुकरांसाठी घेतलेल्या दोन दुर्बिणी

“तोच. मोठा नर आहे. मार!” भावाचा व्याही त्याच्या कानाशी कुजबुजला आणि भावाने बंदूक खांद्याला लावली.

भाऊ कोकणात, शेतातल्या माळ्यावर. मी बहारीनला, माहूजमध्ये, मुलाच्या घरी सोफ्यावर. भावाची दुर्बीण व्याह्याने धरली होती, तिच्यातलं चित्र फोनवरून आमच्या टीव्हीवर येत होतं. काळ्या भातात एक पांढरट गोळा. बुटका, रुंद, मान नसलेला. कुंपणाच्या कडेने सरकत होता.

सून कणकेच्या हातांनीच स्वयंपाकघरातून आली, टीव्हीकडे बघितलं आणि किंचाळली, “मामा, थांबा! बंदूक खाली करा! हे आईंसारखं दिसतंय!”

हे कळायला आधीचं सांगावं लागेल. डुकरांनी भावाचं भात लोळून लोळून संपवायला घेतलं होतं. त्याच्याकडे शेतराखणीची परवान्याची बंदूक होती, वनखात्याची परवानगीही मिळाली होती. पण डुक्कर येतं काळोखात आणि ह्याला साठीत दिसतं कमी. अंधारात ऊब दाखवणारी दुर्बीण हवी म्हणून त्याने सुनेला फोन केला. ती इथे कारखान्यात इंजिनीयर आहे. कुठलं यंत्र तापलंय ते असल्याच कॅमेऱ्याने बघते.

“सूनबाई, बंदुकीवर बसवायची पाठव.”

“नाही मामा. बंदुकीवर बसवली की जे बघाल त्याच्यावर नळी रोखूनच बघाल. हातात धरायची देते.”

“आता बहारीनमधून शिकार शिकवणार तू मला?”

“हो,” ती म्हणाली. मला तिचं हे आवडतं. उगाच गोड बोलत नाही.

दुकानात तिने त्या माणसाला हैराण केलं. तो दिव्याखाली बटणं दाखवत होता. ती म्हणाली, अंधारात नेऊन दाखव. “मॅडम, बाहर ले जाना मफी.” मफी म्हणजे इथल्या बोलीत नाही. “तो खरीदना भी मफी.” शेवटी त्याने ऊब दाखवणारी एक थर्मल दुर्बीण आणि काळोखातलं साध्या डोळ्यांसारखं दाखवणारी एक नाइट व्हिजन, दोन्ही दोन दिवस वापरायला दिल्या.

थंडीत इथे लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात. आम्हीही अंधार पडताना गाडी घेऊन तिकडे गेलो. मुलाने थर्मल लावली आणि लांबचे उंट दिव्यासारखे उजळले. मी तर बघतच राहिले. मग सून म्हणाली, “शेतात राखणीला माणसं कशी बसतात, आई?”

“घोंगडी घेऊन. दवाने भिजायला होतं.”

माझी घोंगडी गाडीत होतीच. एसीच्या गारठ्यामुळे ती मी कुठेही बरोबर नेते. मी डोक्यावरून घोंगडी घेतली आणि लांब जाऊन वाकून बसले. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, “आई, तुम्ही हुबेहूब डुक्कर दिसताय!”

“तुझ्या मनातलं आज कॅमेऱ्याने दाखवलं,” मी म्हटलं. मुलगा हसून खाली बसला.

ती मात्र हसली नाही. म्हणाली, घोंगडीतून ऊब कुठे बाहेर येते, कुठे अडते. डोकं, पाय काही कळत नाही. दुसऱ्या दुर्बिणीतून बघितलं तर मी मीच होते, घोंगडीचा काठसुद्धा दिसत होता. पण गवतामागे बसले की ती दुर्बीण आंधळी. म्हणून तिने दोन्ही घेतल्या. मे महिन्यात गावी जाऊन तिने भावाला बजावलं, थर्मलने फक्त शोधायचं. काय आहे ते दुसरीतून ओळखायचं. मग विजेरी मारायची. बंदूक सगळ्यात शेवटी. भावाने मान डोलावली. तो सगळ्यांपुढेच डोलावतो.

टीव्हीवर तो गोळा दिसला त्या संध्याकाळी तिकडे काळोख पडून बराच वेळ झाला होता. दुसरी दुर्बीण पिशवीतच होती. सून ओरडली तेव्हा भावाचं बोट घोड्यावर होतं.

“अगं, पळून जाईल ना ते,” तो चिडून म्हणाला.

“जाऊ दे. दुसरीतून बघा.”

“आईंसारखं म्हणजे काय?” व्याही विचारत होता.

मी फोन ओढला. “गाढवा, ती सांगते ते कर. आधी बघ, मग माझ्याशी भांड.”

पिशवी उघडल्याचा आवाज आला. मग भाऊ त्याच्या बायकोचं नाव घेऊन असा ओरडला की टीव्ही खरखरला.

डुकरं शिरतात ती कुंपणातली फट बुजवायला माझी भावजय कोणाला न सांगता गेली होती. घोंगडी पांघरून, वाकून, काटेरी फांद्या ओढत. ती तिथूनच म्हणाली, “ओरडताय कशाला? सगळी डुकरं पळवाल.”

सून खाली फरशीवर बसली. हाताला कणीक वाळलेली. मी तिला पाणी दिलं आणि पोळ्या मी लाटल्या.

भावजय वाचली. डुकरंही वाचली.