पेन्शन धरली का?

“पेन्शन धरली का?” चष्मा कपाळावर सरकवून मामा असं विचारायचे, तेव्हा समोरच्याचं काहीतरी चुकलेलंच असायचं. बहुतेक वेळा माझंच.

मामा सरकारी कचेरीतल्या पेन्शनच्या टेबलावरून निवृत्त झालेले. दौंडहून एसटीनं शिरूरला यायचे आणि माझ्या ऑफिसात बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अर्ज फुकट भरून द्यायचे. चहा मात्र माझा. मी नवा वकील. माझ्या अशिलांपेक्षा त्यांचीच माणसं जास्त. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

एकदा कवठे येमाईच्या एक बाई आल्या. नवरा शाळामास्तर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. दोघांच्या संमतीनं घटस्फोट ठरलेला. गुरुजी भांडीकुंडी आणि थोडी रक्कम देऊन मोकळे होणार होते. मी मोठ्या हुशारीनं यादी केली होती. दागिने, फंड, अगदी पाटा-वरवंटासुद्धा.

“पेन्शन धरली का?”

“ती अजून सुरू कुठं झालीये, मामा?”

“अवो वकील, घटस्फोट झाला की बाईचा फॅमिली पेन्शनचा हक्क बी गेला. म्हातारपणी तिनं खायचं काय?”

मी गुरुजींना निरोप धाडला.

गुरुजी आले ते तावातावानंच. “पेन्शन सरकारची हाय. आज तिला किंमत न्हाई.”

मामांनी शांतपणे विचारलं, “रिटायर झाल्यावर थोडी पेन्शन सरकारला विकणार का, गुरुजी?”

“विकणार की! एकरकमी पैसं मिळत्यात. समदेच विकत्यात.”

“मग बिनकिमतीची वस्तू सरकार इकत घेतं व्हय?”

मामांनी पिशवीतून सरकारी तक्ता काढला. त्यात वयाप्रमाणं भाव दिलेला होता. त्यावरून त्यांनी अख्ख्या पेन्शनची किंमत मांडली. “नोकरी तीस वर्षं, त्यातली संसाराची पंचवीस. तेवढी दोघांनी मिळून पिकवली.”

कोर्टानं हे मानलं असतं का, देव जाणे. पण आकडा कागदावर आला आणि गुरुजी खुर्चीत बसले. महिनाभर घासाघीस झाली. शेवटी राहतं घर बाईंच्या नावावर झालं. बाई मला ओलांडून मामांच्या पाया पडल्या. जरा लागलं मला, पण बरोबरच होतं ते.

काही वर्षांनी मामा गेले. दौंडला भेटायला गेलो, तर त्या बाई आधीच येऊन बसलेल्या. मांडीवर फॅमिली पेन्शनचा अर्ज. मामी भिंतीकडे तोंड करून म्हणत होत्या, “नकु मला ते पैसं. नोकरी त्यांची व्हती.”

“आन् पहाटंच्या गाडीला त्यांना डबा देऊन कोण धाडत व्हतं? मामी, ह्यात तुमची बी नोकरी हाय.”

बाईंनी पेन पुढं केलं. मामींनी पदरानं डोळे पुसले आणि सही केली.