जेवणाआधी दार उघडणारे साळवेसर

समोरच्या फ्लॅटमधले साळवेसर जेवायला बसण्याआधी दार उघडून बाहेर डोकावत. रोज! आखाती वाळवंटातल्या अल ऐनच्या भर उन्हाळ्यातसुद्धा. आतून त्यांच्या पत्नी रूथबाई ओरडायच्या, "अहो, एसी चाललाय बाहेर! अख्खं अल ऐन गार करायचा मक्ता घेतलाय का?" सर जिन्याकडे बघतच म्हणायचे, "घास गिळण्याआधी गल्ली बघावी, बाई."

मला हे दाराच्या भिंगातून दिसायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा आठवडाभर वाळवंटात साइटवर. मी पुण्याहून नवी आलेली, बोलायला चिटपाखरू नाही. शेवटी ठरवलं, खलास, परत जायचं. बॅगही भरली. पण हे कोडं सोडवल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून एका दुपारी दार उघडलं.

"सर, तुम्ही रोज कुणाला शोधता हो?"

"सापडलीस की! ये, वरण गार होतंय."

सर मूळचे नगरचे, इथल्या शाळेत इतिहास शिकवायचे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या एका खेड्यातल्या पाद्रीबाबाचं चरित्र त्यांना तोंडपाठ होतं. त्यानं स्वतःचा घोडा विकून एका विधवेचं छप्पर शाकारलं. साथीत सगळे पळाले, तरी हा घरोघरी जायचा. आणि वाटेवर कुणी उपाशी दिसतंय का, ते पाहिल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही.

"पण त्या गोऱ्याचं तुम्हाला एवढं काय?" मी विचारलंच.

"अगं, माणूस चांगला निघाला की गाव विचारू नये." मग हात थांबवून म्हणाले, "एकच कळत नाही. वाटेवर कुणीच नसेल, त्या दिवशी तो काय करत असेल? उपाशी झोपत असेल? चरित्रात काही नाही."

मी गेले नाही. त्या दाराचा मला लळाच लागला. एकदा तर सरांनी रमजानात, भर दुपारी, पठाण टॅक्सीवाल्याला हाक मारली, "आओ खानसाब, खाना तैयार है!" तो हसला, "साब, रोज़ा है." सरांनी जीभ चावली. संध्याकाळची अज़ान झाल्यावर पुन्हा दार उघडलं, तर खानसाब खजूर घेऊन उभा!

पुढे सर निवृत्त झाले. नोकरी संपली की इथला मुक्कामही संपतो. निघताना म्हणाले, "पाद्रीबाबाचं ते अजून नाही कळलं गं." मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी ताटं वाढली आणि दार उघडलं. समोर कुलूप, जिना रिकामा. इथेच जन्मलेली माझी लेक म्हणाली, "मम्मा, हू आर यू लुकिंग फॉर?"

संध्याकाळी नगरला फोन लावला. "सर, तो उपाशी झोपत नसणार. चपला घालून बाहेर पडत असणार."

 पलीकडून सरांचा आवाज, "सापडलं का कुणी?"

"हो सर. तळमजल्यावर. केरळची नर्स आहे, नवी आलेली. बॅग भरून बसली होती."