सगळ्यांचं हेल्मेट

"ते हेल्मेट बाजूला ठेवा. मी आता घालणार न्हाय."

धाकटे साहेब हे बोलले तेव्हा हेल्मेट अजून माझ्या डोक्यावरच होतं. कोल्हापूरबाहेरचा रेसिंग ट्रॅक. रविवारची सकाळ. वेगात पण शिस्तीत गाडी कशी चालवायची, याचा हौशी लोकांसाठीचा वर्ग. मी शिकायला गेलो नव्हतो. मी ड्रायव्हर, धाकटे साहेब आमच्या मालकांचे चिरंजीव. त्या दिवशी एकजण आला नाही, म्हणून शिकवणारे सर मला म्हणाले, "पावणं, जागा रिकामी हाय. बसताय काय एक फेरी?" मी पळतच गेलो. हरखून गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

हेल्मेट ट्रॅकचं. सगळ्यांचं. सकाळपासून या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत होतं. एका डॉक्टरांचा मुलगा घामानं निथळत उतरला, त्याच्यामागून धाकट्या साहेबांनी तेच घातलं. तेव्हा कुणाला किळस आली नाही. माझं डोकं बौद्धाचं. मी हेल्मेट काढून दिलं. सरांनी त्याला लाल चिकटपट्टी लावली, मी घातलेलं ओळखू यावं म्हणून. "तुमचं पुढच्या बारीला बघू," मला म्हणाले. फेरी राहिलीच. बाकीचे मोबाइल बघत होते.

परत येताना गाडी मीच चालवली. धाकटे साहेब मागं झोपले. त्यांचा जीव रोज माझ्या हातात असतो, त्याचा विटाळ नाही. डोक्याचा विटाळ.

या वर्गाचे धडे मोबाइलवर यायचे. वळणाआधी ब्रेक कुठं मारायचा, नजर कुठं ठेवायची, टायर निसटायला लागला तर काय करायचं. सगळं इंग्रजीत. धाकट्या साहेबांना बघायचा कंटाळा. ते मला पाठवून द्यायचे, "बघून ठेव, जाताना थोडक्यात सांग." मी थांबवत थांबवत, अडलेला शब्द शोधत बघायचो. एवढं मन लावून मी शाळेतही शिकलो नव्हतो.

आम्ही राहायला त्यांच्याच बंगल्यामागच्या खोलीत. आई त्यांचीच भांडी घासते. खोलीचं दार त्यांच्या आवारात उघडतं. रागानं घर सोडून जायचं म्हटलं तरी त्यांच्याच फाटकातून जावं लागतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "गप बस बाबा. कुटं जायाचं आपण? गावाकडं कोडोलीत काय हाय आपलं?" काही नव्हतंच. आठवडाभर गप्प बसलो. गाडी पुसली, दार उघडलं, "व्हय साहेब" म्हणालो. दर वेळी माझीच मला चीड यायची.

पुढच्या रविवारी गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "हं, सांग. काय हाय ह्या धड्यात?"

"न्हाय सांगत."

"बघितलं न्हाईस व्हय?"

"बघितलंय की. तुमास्नी माझं डोकं विटाळतंय, मग डोक्यातलं कसं चालतंय?"

गाडी अजून फाटकातच होती. मी इंजिन बंद करून उतरलो.

मोठे साहेब बाहेर आले. म्हणाले, "माफी माग. न्हायतर महिनाअखेरीला काम सोड आनि खोली खाली करा." मी मागितली नाही. आई रडली. रडत रडत त्यांचीच भांडी घासत राहिली.

आता खोली शोधतोय. कळंब्यात एका घरमालकानं आडनाव विचारलं. सांगितलं. "दुसऱ्याला शब्द दिलाय," म्हणाला. पुढच्या गल्लीतही तेच. कागलच्या एमआयडीसीत ड्रायव्हर असलेला मित्र म्हणतो, "दुसरं आडनाव सांग की लेका, कोण बघतंय?"

नाही सांगणार. भीती वाटते. आईकडं बघितलं की जास्तच. नव्या कामाचाही अजून पत्ता नाही. तरी माफी मागणार नाही आणि आडनाव लपवणार नाही. त्या वर्गातही याच आडनावानं, माझे पैसे भरून बसणार. मला ते शिकायचंय. माझ्यानंतर ते हेल्मेट घालायला ज्याला जमत नसेल, त्यानं घरी जावं.